वास्तव्य : निरंक

नाव : बिरदेव कुशाबा बरकडे. हुद्दा : शिपाई, गट ड, कायम. जन्मतारीख : एक जून एकोणीसशे सहासष्ट (त्या पिढीतला अर्धा तालुका एक जूनलाच जन्मला आहे, कारण मास्तर शाळेत नाव घालायचे ते त्याच सुमाराला). शिक्षण : सातवी नापास. ओळखीची खूण : डाव्या भुवईवर मेंढ्याच्या शिंगाचा व्रण. वर्तणूक : समाधानकारक. ताब्यातील शासकीय वस्तू : किल्ल्या, नग एकवीस, टॉर्च, नग एक, शिट्टी, नग एक, वाजत नाही. सध्याचे वास्तव्य : निरंक.

निरंक हा सरकारी मराठीतला फार गुणी शब्द आहे. नाही म्हटलं की पुढे कोणीतरी का म्हणून विचारतं. निरंक म्हटलं की विचारत नाही. रकाना भरतो, कागद पुढच्या टेबलावर जातो आणि सगळे चहाला मोकळे होतात.

घोडेगावहून जुन्नरकडे जाताना मध्येच डावीकडे एक फाटा फुटतो, तिथून तीन किलोमीटर आत कसबे हिरडी आहे. डोंगरातला हिरडा एके काळी इथल्या पेठेत उतरायचा, त्यावरून गावाचं नाव पडलं. आता हिरडा दुसरीकडे उतरतो. नाव राहिलं. गावाची नगरपंचायत झाली तेव्हा तिचं कार्यालय बाहेरच्या रस्त्याला काचेच्या नव्या इमारतीत गेलं. तिथे उन्हाळ्यात माणसं अंड्यांसारखी उबतात, पण लिफ्टसाठी जागा सोडलेली आहे. जुन्या पेठेत, कचेरी चौकात, ज्या इमारतींनी गावाचा कारभार शंभर-सव्वाशे वर्षं पाहिला त्या तशाच राहिल्या. पश्चिमेला कचेरी, काळ्या दगडाची, दारावर १८८४ असा आकडा. समोर दवाखाना, त्याला म्हातारी माणसं अजून देवीडॉक्टरचा दवाखाना म्हणतात, देवी जगातून गेल्याला पन्नास वर्षं होत आली तरी. उत्तरेला वाचनालय, दक्षिणेला धर्मशाळा, आणि मधोमध लोखंडी खांबांची मंडई, जिच्यात आता भाजीवाले सोडून सगळे बसतात.

या सगळ्याच्या किल्ल्या बिरदेवकडे. एकवीस किल्ल्यांपैकी नऊ कुलपांना लागतात. बाकीच्या बारांची कुलपं दारांसकट चोरीला गेली. किल्ल्या मात्र सुरक्षित आहेत, आणि दरवर्षी मार्चअखेर त्या मोजल्या जातात.

बिरदेव कचेरीच्या मागच्या खोलीत राहायचा. तेवीस वर्षं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कागदावर कुठेच नव्हतं.

त्याचं झालं असं की, दोन हजार दोन साली गावात ग्रामपंचायत होती आणि कचेरीच्या सागवानी चौकटी एकेक करून नाहीशा होत होत्या. तेव्हाच्या सरपंचांनी रोजंदारीवरच्या बिरदेवला बोलावलं आणि म्हणाले, "तू बायकोपोरीला घिऊन मागल्या खोलीत झोपत जा. पण राहातो म्हनू नको कुनाला. सरकारी जागा हाय. राहातो म्हनलास की तू बी गेला आन् मी बी गेलो."

मागची खोली म्हणजे कचेरीची जुनी कोठडी. दहा बाय बारा, शहाबादी फरशी, गजांची एक खिडकी, आणि चार बोटं जाडीचं दार. दाराला बाहेरून हातभर लांबीचा अडसर. आतून काहीच नाही, नुसतं गुळगुळीत लाकूड.

बिरदेवची बायको हिरा पहिल्या दिवशी दारापुढे उभी राहिली आणि तिने दारावर वरपासून खालपर्यंत हात फिरवून पाहिला.

"याला आतनं कडी न्हाई," ती म्हणाली.

"कोठडी हाय ती. कोठडीला आतनं कडी कुठनं आली?"

"मंग आमी काय कैदी हाय का?"

"कैद्याला दोन टाइम जेवान मिळायचं म्हनं."

"मग तेवढं तरी घाला," म्हणून हिरा आत गेली आणि तिने फरशी धुवायला काढली. मुलगी हर्षाली तेव्हा सहा वर्षांची होती. तिने गजांना लटकून पाहिलं आणि घर पसंत केलं.

पुढच्या वर्षी बिरदेव गावाकडे, ढवळदऱ्याला गेला, तेव्हा येताना बापाची एक मेख घेऊन आला. कुशाबा बरकडे जन्मभर मेंढरं राखून गेला. त्याचं बिऱ्हाड घोड्यावर असे आणि घोडं बांधायला ही मेख, घिसाड्याने घडवलेली, वीतभर लांब, डोक्याला कडं. म्हातारा गेला, घोडं विकलं, मेंढरं धाकट्या भावाकडे, सोमनाथकडे गेली. मेख कोणी मागितली नाही. बिरदेवने ती दाराशेजारी आतल्या बाजूने दगडाच्या सांध्यात ठोकली. हिराने लोकरीची दोरी वळली. दाराच्या फळीत एक भोक होतंच, त्यातून दोरी ओवून ती मेखेला गुंडाळायची. अंघोळीला बसली की गुंडाळायची, निजताना गुंडाळायची. ही झाली आतली कडी.

"बरं हाय," हिरा म्हणाली. "पन ही कडी नव्हं. एक खोली का असंना, आपली पायजे आन् तिला आतनं कडी पायजे. खाट्कन वाजनारी."

हिराने लग्नानंतर तीस वर्षांत मागितलेली ही एकच वस्तू. बिरदेव प्रत्येक वेळी म्हणायचा, "बघू." तो बघत होताही, पण शिपायाला दिसतं ते फार लांबचं नसतं.

आता तपासणी. वर्षातून-दीड वर्षातून कधीतरी पुण्याहून किंवा घोडेगावहून कोणीतरी साहेब जुन्या इमारती पाहायला येत. आदल्या दिवशी निरोप येई, किंवा येत नसे. साहेबाची जीप मारुतीच्या पाराला वळली की हिरा उठायची. मेंढरामागे वाढलेली बाई; रोज उठून घर हलवायचं हे तिला माहेरातच शिकवलेलं. भांडी एका घोंगडीत, कपडे दुसऱ्या घोंगडीत, स्टो पाटीत, पाटी डोक्यावर, पोरीच्या हातात आरसा. वीस मिनिटांत खोली झाडून रिकामी, भिंतीला खिळासुद्धा मोकळा. मग मायलेकी मंडईत जाऊन बसायच्या, भाजी घ्यायला आल्यासारख्या, शेजारी अख्खा संसार ठेवून. साहेब खोलीत डोकावून विचारायचे, "इथे कोण राहतं?" आणि बिरदेव सांगायचा, "कुनी न्हाई, साहेब."

हे उत्तर त्याचं स्वतःचं नव्हतं. ते वडिलोपार्जित होतं. कुशाबाचा वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, कुठल्याही माळावर बसला की दोन दिवसांनी कोणीतरी खाकी कपड्यातला येऊन विचारायचा, किती दिवसांपासून बसलाय? भोवती तीन आठवड्यांच्या लेंड्यांचा थर. कुशाबा त्या थरावर उभा राहून, हात जोडून, तोंडावरची माशीही न हलवता सांगायचा, "आजच आलो, साहेब. उद्याच्याला निघालो." बिरदेव लहानपणी हे ऐकून हसायचा. बापाने एकदा त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "हसायचं न्हाई. आपून राहातो म्हनलं की कागुद व्हतो. कागुद झाला की दंड व्हतो. कुनी न्हाई म्हनलं की जो तो आपल्या घरी जातो." बिरदेवच्या आयुष्यात शिक्षण म्हणावं असं जे झालं, ते एवढंच. सातवीला तो त्याआधीच नापास झाला होता.

तेवीस वर्षांत चौदा तपासण्या झाल्या. हर्षाली त्या खोलीत दहावी झाली, तिथूनच तिचं लग्न होऊन ती कळंबला गेली. लग्नपत्रिकेवर पत्ता ढवळदऱ्याचा. आधार ढवळदऱ्याचं, रेशन कार्ड ढवळदऱ्याचं, मतदान ढवळदऱ्याला. खोलीतला दिवा कचेरीच्या लाईनीवरचा, त्याचं बिल कचेरीच्या नावाने.

दोन हजार बावीसच्या ऑगस्टात, सतरा तारखेला, बिरदेव सकाळी वाचनालय उघडायला गेला. उघडून, दोन वर्तमानपत्रं टाचणीला लावून परत आला, तर खोलीचं दार आतून बांधलेलं होतं. त्याने हाक मारली. पुन्हा मारली. मग मंडईतून लोकर कातरायची जुनी कातर आणली, फळीच्या फटीतून आत घातली आणि दोरी कापली. हिरा न्हाणीच्या दगडापाशी पडलेली होती. बादलीतलं पाणी अजून कोमट होतं.

मृत्यूची नोंद नव्या इमारतीत, इंद्रायणी नावाच्या क्लार्कच्या टेबलावर होते. ती बिरदेवला काका म्हणायची. तिने फॉर्म भरत आणला आणि एका रकान्यावर थांबली.

"काका, मृत्यूचं ठिकाण काय लिहू?"

बिरदेव उभाच होता. खुर्ची दिली तरी तो त्या ऑफिसात बसत नसे.

"गाव लिवा," तो म्हणाला. "ढवळदरा."

"पण काकू तर इथं..."

"हितं कुनी राहात न्हाई, म्याडम."

इंद्रायणीने लिहिलं. दुपारी हिराला टेंपोतून ढवळदऱ्याला नेलं, तेव्हा नोंद तशी अगदीच खोटी राहिली नाही. फक्त थोडी आधी झाली.

त्यानंतर बिरदेवचं काय झालं, असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. तो सकाळी नऊ कुलपं उघडायचा, संध्याकाळी नऊ कुलपं लावायचा. भात शिजवायचा, खायचा. मेखेला कापलेल्या दोरीचा वेढा तसाच होता, तो त्याने सोडला नाही. मुद्दाम ठेवला असंही नाही. हात गेला नाही, एवढंच. दार आता तो रात्री नुसतं लोटायचा. लोकांनी सांगितलं, भाऊ, मोकळेपणी रडा जरा. तो म्हणाला, बघू.

दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत 'जुनी पेठ पुनरुज्जीवन' नावाची योजना आली. तिच्याबरोबर पुण्याहून वृषाली मॅडम आल्या. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीतल्या जाणकार, वयाने हर्षालीएवढ्या, डोक्याला कापडी टोपी, हातात लाल ठिपका टाकून अंतर मोजणारं यंत्र. बाई कामाला वाघ होती. कचेरीच्या माळ्यावर, जिथे वटवाघळंही विचार करून जातात, तिथे ती दोन तास बसून आली. बिरदेव मागून टॉर्च धरून हिंडत होता. ती त्याला दादा म्हणायची आणि पाण्याची बाटली पुढे करायची.

ती येणार हे कळताच त्याने खोली रिकामी केली होती. घोंगडी, स्टो, भगुलं, पिशवी. हिरा होती तेव्हा वीस मिनिटं लागत. आता चार लागली.

कोठडीत आल्यावर मॅडमने सगळं निरखून पाहिलं. फॉर्म काढला. अकराव्या रकान्यात विचारलेलं होतं : वास्तव्यास असलेली व्यक्ती अथवा कुटुंब. त्याखाली बारीक अक्षरात होतं की, सर्वेक्षणाच्या दिवशी जो राहत असेल त्याला दुरुस्तीपूर्वी पर्यायी घर मिळेल. बारीक अक्षर मॅडमने वाचून दाखवलं नाही, कारण ती आधी साधा प्रश्न विचारत होती.

"दादा, इथे कोण..."

"कुनी न्हाई," बिरदेव म्हणाला. प्रश्न अजून पुरा व्हायचा होता.

"कोणीच नाही? बघा हं. नक्की?"

"निरंक लिवा."

तिने लिहिलं. मग टॉर्चचा उजेड दाराशेजारच्या मेखेवर पडला. ती वाकली. बोटाने कडं फिरवून पाहिलं.

"हाताने घडवलेली आहे. आणि वरती दोर! दादा, हे जुनं आहे का?"

"जुनं हाय," बिरदेव म्हणाला. जुनी होतीच.

शेजारच्या धर्मशाळेत गेणभाऊ राहत होता. करोनात त्याचं कोंबडीचं दुकान बुडालं, तेव्हा तो बायको आणि पिंजरे घेऊन तिथे शिरला, त्याला चार वर्षं झाली होती. गेणभाऊने मॅडमला खुर्ची दिली, चहा दिला, आपलं नाव सांगितलं, बायकोचं सांगितलं आणि पुतण्याचंही सांगितलं, जो तेव्हा नारायणगावला असायचा पण मनाने इथेच राहत होता.

मार्चमध्ये यादी लागली. लावली बिरदेवनेच, नोटिसा डकवणं हे त्याचंच काम. विस्थापित होणारी कुटुंबं, एकूण सहा. बाहेरच्या रस्त्याला घरकुलं, प्रत्येकी एक खोली, स्वयंपाकघर, संडास. बिरदेवने चारी कोपऱ्यांना खळ लावली, कागदाचा फुगा तळहाताने सारखा केला आणि दोन पावलं मागे येऊन कागद सरळ आहे ना तेवढं पाहिलं.

गेणभाऊ मागे येऊन उभा राहिला. बोट लावून चार नंबरला आपलं नाव वाचलं. मग सहाही नावं वाचली. मग कागदाच्या मागची बाजू दिसते का पाहिलं.

"बिरदेवभाऊ, तुमचं कुठाय?"

"काय?"

"नाव, राव! तेवीस वर्सं तुमी हितं काढली. मी चार वर्सांचा भाडोत्री, त्ये बी भाडं न देनारा. मला घर, आन् तुमाला काय?"

"मी कुठं राहातो हितं," बिरदेव म्हणाला.

गेणभाऊने यादीवरचं बोट काढलं. "माझ्यापाशी तरी नका बोलू आसं. तुमच्या खोलीतल्या फोडणीनं माझ्या कोंबड्या शिंकायच्या." आणि त्याने तिथूनच, बिरदेवच्या समोर, कळंबला हर्षालीला फोन लावला.

हर्षाली दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आली. बापाशी न बोलता कोठडीत गेली, दाराकडे पाहिलं, बाहेर आली.

"आप्पा, तुमाला घर नगं का?"

"माझं काय आता."

"तुमचं न्हाई इचारत मी. आई काय मागत व्हती? सांगा."

बिरदेवने जुडग्यातली एक किल्ली सरळ केली.

"कडी मागत व्हती," हर्षाली म्हणाली. "आतनं. जलमभर तुमी बघू म्हनला. आता सरकार दितंय, तर तुमी कुनी न्हाई म्हनून बसला. लई शानं झाला!" मग ती रडली आणि रडून झाल्यावर म्हणाली, "हरकत घ्यायची. पंधरा दिवस हायेत. मी इचारलंय."

अर्ज इंद्रायणीने लिहून दिला, दुपारच्या सुट्टीत, दार लावून. "काका," ती लिहिता लिहिता म्हणाली, "त्या दिवशी मी ठिकाण खरं लिहायला हवं होतं. आज तोच एक पुरावा झाला असता." बिरदेव म्हणाला, तुमची काय चूक. आणि पेन बंद करून तिच्या पेनांच्या पेल्यात ठेवलं.

सुनावणी एप्रिलात झाली. मुख्याधिकारी साहेब तरुण होते, परीक्षा देऊन आलेले, वाईट नव्हते. हरकती तीन. दारात उभं राहून अर्जदारांची नावं पुकारणं हेही शिपायाचं काम. बिरदेवने पहिलं नाव पुकारलं, माणूस आत जाऊन आला. दुसरं पुकारलं. मग त्याने यादी पाहिली आणि रिकाम्या व्हरांड्याकडे तोंड करून, नेहमीच्याच आवाजात पुकारलं, "बिरदेव कुशाबा बरकडे!" आणि टोपी सारखी करून स्वतःच आत गेला.

साहेबांच्या शेजारी वृषाली मॅडम बसल्या होत्या, समोर जाडजूड अहवाल.

"बरकडे, तुमचं म्हणणं तुम्ही कोठडीत राहता?"

"जी."

"पुरावा? लाईट बिल?"

"कचेरीच्या नावावं हाय."

"रेशन कार्ड, मतदान?"

"गावचं."

"तुमच्या पत्नी वारल्या. अर्जात लिहिलंय तिथेच. दाखला?"

बिरदेवने प्लॅस्टिकच्या पिशवीतून दाखला काढून दिला. साहेबांनी वाचला. "यात तर ढवळदरा आहे."

"जी."

साहेबांनी दाखला परत दिला. पंखा फिरत होता. बिरदेवने तो पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. मग म्हणाला, "मेख हाय, साहेब."

"काय आहे?"

"खोलीत आतनं मेख ठोकल्याली हाय. दार बांधाया. मी ठोकली, दोन हजार तीनला. कोठडीला आतनं दार बांधायची सोय कोन कशाला करंल? आत मानूस राहात असंल तरच करंल."

खरं सांगायचं तर त्या कार्यालयात त्या वर्षी केलेला हा सर्वांत चांगला युक्तिवाद होता. साहेबांनाही तो पटला असावा, कारण त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमने अहवालाचं सदतिसावं पान उघडलं होतं. तिचा चेहरा उतरला होता.

"दादा, ती मेख मी मूळची म्हणून नोंदवलीय. कैद्यांच्या साखळ्या अडकवायची. तुम्हीच टॉर्च धरला होता. मी विचारलं जुनी आहे का, तुम्ही म्हणालात, जुनी आहे."

"जुनीच हाय. माझ्या बापाची. घोड्याची व्हती."

"पण खोलीत कोणी राहत नाही असंही तुम्हीच..."

"जी."

मॅडम हळूच साहेबांना म्हणाली की अहवाल वर मंजूर झाला आहे, पण ती दुरुस्तीपत्र देऊ शकते. तिची चूक आहे, ती लिहून द्यायला तयार आहे. बोलताना तिने बिरदेवकडे पाहिलं. बाई खरंच तयार होती.

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"बरकडे, नीट ऐका. मी तुमच्या बाजूने लिहू शकतो. पण मग मला असं लिहावं लागेल की आस्थापनेवरचा एक कर्मचारी तेवीस वर्षं शासकीय इमारतीत परवानगीशिवाय राहिला आणि चौदा तपासण्यांत खोटं बोलला. त्यावर चौकशी लागेल. तुमची निवृत्ती पुढच्या वर्षी मे अखेर. चौकशी चालू असली की पेन्शन अडकतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. घर कदाचित मिळेल. कदाचित. तुम्ही सांगाल तसं लिहितो. काय लिहू?"

बाहेर व्हरांड्यात हर्षाली बसली होती. दार उघडंच होतं. ती उठून उभी राहिली.

बिरदेवने विचार केला का, हे सांगता येत नाही. चेहऱ्यावर काही हललं नाही. घर डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न त्याने केला असावा. एक खोली, स्वयंपाकघर, संडास, दार, दाराला कडी. रात्र झाली, तो उठला, कडी घातली, खाट्कन वाजली. मग वळला. वळल्यावर पुढे काय, ते मात्र दिसेना.

"निरंक लिवा, साहेब," तो म्हणाला.

"आप्पा!" हर्षाली दारातून ओरडली.

"बाहेर बसा ताई," बिरदेव म्हणाला. सुनावणीत कोणी मध्ये बोललं तर शिपायाने असंच म्हणायचं असतं, आणि तोंडातून ते गेलं. हर्षाली गेली. दुपारच्या एसटीने ती कळंबला गेली आणि जाताना त्याला काही बोलली नाही.

कोठडी ताब्यात घ्यायला मे महिन्यात माणसं आली तेव्हा ती झाडून ठेवलेली होती. पंचनामा झाला : 'सदर खोली रिकामी व निर्वेध आढळून आली.' पंच दोन हवेत आणि एकच माणूस होता, म्हणून दुसऱ्या पंचाच्या जागी बिरदेवने सही केली. पुढे अकरा दिवस तो कळंबला राहिला. पहिल्या दिवशी हर्षालीने वाढलं आणि बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. जावई सरळ माणूस, घर चांगलं, त्याला आतून कडी. बिरदेवला तिथे झोप लागेना. बाराव्या दिवशी ड्यूटी लांब पडते असं सांगून तो परत आला. तो आता कुठे राहतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मंडईमागच्या पाण्याच्या पंपाच्या खोलीवर दोरीवर एक सदरा वाळत असतो. साहेबांनी एकदा जाता जाता गाडी थांबवून त्या सदऱ्याकडे पाहिलं. "बरकडे, तिथे कोणी..." ते म्हणाले, आणि मग काच वर करून गेले.

गेणभाऊ घरकुलात गेला. दर रविवारी तो बिरदेवला जेवायला बोलावतो आणि दर वेळी दार दोनदा लावून दाखवतो.

दिवाळीनंतर कचेरी लोकांसाठी उघडली. दगड धुतले, कौलं बदलली, चौकात फरशी आणि दिव्यांचे खांब आले. खोटं कशाला बोला, चौक देखणा झाला. लेण्याद्री आणि शिवनेरी पाहून वेळ उरलेल्या सहली इकडे वळतात. सर्वांत जास्त गर्दी कोठडीपाशी. बिरदेव सकाळी दहाला अडसर काढतो, सहाला लावतो. पोरंपोरी आत जातात आणि त्याला सांगतात, काका, बाहेरून लावा, फोटो काढायचाय. तो लावतो. आतून हसण्याचा आवाज येतो. मग एखादं पोर दाराला आतून चाचपून म्हणतं, अरे, इथे कडीच नाहीये. तो दहापर्यंत मोजतो आणि उघडतो.

दाराशेजारी काचेच्या पेटीत, छोट्या दिव्याखाली, मेख आहे. शेजारी पितळी पाटी आहे. वृषाली मॅडमने दुरुस्तीपत्र पाठवलं होतं. ते पोचलं, त्याला आवक क्रमांकही पडला, पण पाटी त्याआधीच कोरून झाली होती. पाटीवर लिहिलं आहे :

'कोठडी, इ. स. १८८४. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ही खोली वापरात नाही. भिंतीतील हाती घडवलेली मेख बंदिवानांच्या साखळ्यांसाठी असून ती मूळ स्थानी आहे. मेखेवरील लोकरी दोराचा अवशेष तत्कालीन असावा. कृपया स्पर्श करू नये.'

दोर दोन हजार बावीसच्या सतरा ऑगस्टला सकाळी कापलेला आहे.